पतंगाचा कागद बरा!

रबराच्या पिळावर चालणारे आणि वर्गातल्या वर्गात गिरक्या घेणारे छोटे विमान करावयाचे ठरले, की सांगाड्याची जुळवाजुळव होईपर्यंत सारे ठीक चालते. त्यानंतर मात्र हटकून एक प्रश्न उभा राहतो. पंखावर लावावयाचे काय? कोणी वहीचे पान फाडून चिकटवतो, कोणी वर्तमानपत्र. भेटवस्तूवरचा चकचकीत जिलेटिन कागद कोणी जपून ठेवलेला असतो, तो तोच काढतो. ज्याच्या घरी इंटरनेट आणि हौस दोन्ही आहेत, तो अतितलम परदेशी फिल्म कोठे मिळेल ते शोधू लागतो.

मला विचाराल तर नवशिक्याने आपल्या पहिल्या तीन-चार विमानांना संक्रांतीच्या पतंगाचा कागद लावावा, आणि तोही स्वतः तोलून लावावा. परदेशी फिल्मच्या वाटेला इतक्यात जाऊ नये. माझे हे मत पुष्कळांना जुनाट वाटते. खेड्यातील शाळांना परवडावे म्हणून मी ते सांगतो, असाही काहींचा समज आहे. तसे नाही. त्यामागे थोडे पदार्थविज्ञान आहे आणि ते नववी-दहावीच्या विद्यार्थ्याला सहज समजण्याजोगे आहे.

प्रथम एक गोष्ट ध्यानात घ्या. मैदानावरच्या विमानाची आणि खोलीतल्या विमानाची अडचण वेगवेगळी असते. मैदानावर वारा असतो. त्याच्या झोताला तोंड द्यायला विमान थोडे दणकट आणि वेगवान असावे लागते. खोलीत वारा नाही, पण भिंती आहेत. विमान सरळ गेले तर दोन-तीन सेकंदांत फळ्यावर जाऊन आदळेल. म्हणून त्याला सतत वळत राहावे लागते, आणि त्या वळणाचा घेर वर्गात मावला पाहिजे. हा घेर कशावर ठरतो?

वळताना विमान एका बाजूला कलते. पंखावर जे उद्धारक बल असते, त्याचा उभा घटक विमानाचे वजन तोलून धरतो आणि आडवा घटक वर्तुळात फिरण्यासाठी लागणारे अभिकेंद्री बल पुरवतो. यावरून असे निघते, की कल तोच ठेवला तर वर्तुळाची त्रिज्या वेगाच्या वर्गाच्या सम प्रमाणात असते. आता वेग किती लागतो ते पाहू. उद्धारक बल हे वेगाच्या वर्गाच्या आणि पंखाच्या क्षेत्रफळाच्या सम प्रमाणात असते. त्याच पंखांवर दुप्पट वजन लादले, तर वेगाचा वर्गही दुप्पट व्हावा लागतो. ही दोन विधाने एकत्र वाचा. मधला वेग निघून जातो आणि उरते ते एवढेच : वळणाची त्रिज्या ही दर चौरस मीटर पंखामागे किती वजन आहे, यावर ठरते. विमानाचे वजन निम्मे केले, तर ते निम्म्या जागेत वळेल.

आता आकडे घालून पाहू. समजा तुमच्या विमानाचा पंख ४० सें. मी. लांब आणि १० सें. मी. रुंद आहे. म्हणजे ४०० चौ. सें. मी. झाले. शेपटीचे १०० चौ. सें. मी. धरा. अशा विमानाला फक्त वरच्या बाजूने आच्छादन लावतात, तेव्हा झाकावयाचे एकूण क्षेत्रफळ ५०० चौ. सें. मी., म्हणजेच चौरस मीटरचा विसावा भाग. कामट्यांचा सांगाडा, पुढचा पंखा आणि रबर मिळून ६ ग्रॅम भरले असे समजू. पहिल्याच प्रयत्नात एवढे साधले तर हात चांगला आहे म्हणायचे.

वर्तमानपत्राच्या कागदाचे वजन दर चौ. मी.ला सुमारे ४५ ग्रॅम असते. तो लावला तर आच्छादनाचे सव्वादोन ग्रॅम होतील आणि विमान ८.२५ ग्रॅमचे होईल. पतंगाचा कागद दर चौ. मी.ला २० ग्रॅमचा मिळाला असे धरा. मग आच्छादन १ ग्रॅमचे आणि विमान ७ ग्रॅमचे. १० मायक्रॉन जाडीची पॉलिथीनची फिल्म दर चौ. मी.ला सुमारे साडेनऊ ग्रॅम भरते. तिने विमान साडेसहा ग्रॅमचे होईल.

वाशीम समुद्रसपाटीपासून सुमारे साडेपाचशे मीटर उंचीवर आहे. येथील हवेची घनता दर घनमीटरला १.१ किलोग्रॅमच्या आसपास धरायला हरकत नाही. पंखाचा उद्धारक गुणांक ०.७ आणि वळताना कल १० अंश धरून हिशेब केला, तर पतंगाच्या कागदाचे विमान सेकंदाला २.१ मीटर वेगाने उडेल आणि त्याच्या वर्तुळाचा व्यास सुमारे ५.२ मीटर येईल. दोन्हीकडे पंखाची टोके बाहेर असतात. ती धरून त्याला साधारण ५.६ मीटर जागा हवी. वर्तमानपत्राच्या विमानाला हाच हिशेब लावला, तर साडेसहा मीटर जागा लागते. वर्ग जर सहा मीटर रुंद असेल, तर एक विमान फिरत राहील आणि दुसरे पहिल्याच फेरीत भिंतीला लागेल. सांगाडा तोच, रबर तेच, करणाराही तोच. फरक फक्त सव्वा ग्रॅम कागदाचा!

रबराच्या दृष्टीने पाहिले तरी तेच. उडत राहण्यासाठी लागणारी शक्ती वजनाच्या दीड घाताच्या प्रमाणात वाढते. त्यामुळे पतंगाच्या कागदाच्या तुलनेत वर्तमानपत्राच्या विमानाला सुमारे २८ टक्के जास्त शक्ती लागेल. तेवढे जाड रबर घातले, की त्याचे वजन पुन्हा वाढणार.

येथवर वाचून एखादा चाणाक्ष विद्यार्थी म्हणेल, "सर, मग फिल्मच का नको? ती तर कागदाहून हलकी!" प्रश्न रास्त आहे. उत्तर याच आकड्यांत आहे. ७ ग्रॅमवरून साडेसहा ग्रॅमवर आल्याने शक्तीची बचत होते सुमारे दहा टक्के. सर्वांत तलम अशी १ मायक्रॉनची पॉलिएस्टर फिल्म आणली, तरी आपल्या विमानावर ती ०.०७ ग्रॅम भरेल आणि विमान ६.०७ ग्रॅमच्या खाली येणार नाही. कारण बाकीचे सहा ग्रॅम जागच्या जागी आहेत. नवशिक्याचे वजन आच्छादनात नसते, ते सांगाड्यात आणि त्याहूनही अधिक सांध्यांवर थबथबलेल्या फेविकॉलमध्ये असते. तेथला अर्धा ग्रॅम फुकट वाचतो. त्यासाठी पाकीट मागवावे लागत नाही.

ज्यांचा सांगाडाच ग्रॅमभराचा असतो, त्यांची गोष्ट निराळी. खोलीत उडवावयाच्या विमानांच्या जागतिक स्पर्धा होतात. त्यांपैकी काही रुमानियात स्लानिक येथे मिठाच्या खाणीतील प्रचंड दालनांत झाल्या आहेत. तेथील मुख्य वर्गातील विमानाचा पंख जास्तीत जास्त ५५ सें. मी. लांब असतो आणि रबर सोडून त्याचे वजन किमान १.४ ग्रॅम असावे लागते. पुष्कळ विमाने या किमान वजनाला अगदी खेटूनच असतात आणि ती वीस मिनिटांहून अधिक वेळ हवेत राहतात. अशा विमानाच्या नुसत्या पंखाला आपला पतंगाचा कागद लावला, तर कागदच दोन ग्रॅमच्या घरात जाईल. त्यांनी मायक्रॉनच्या हिशेबातली फिल्म वापरावी हे योग्यच आहे. १९३० च्या दशकात हे लोक नायट्रोसेल्युलोजचे द्रावण पाण्यावर ओतून, तेथे पसरणारा पापुद्रा वायरच्या कडीवर उचलून पंखाला लावू लागले. तो इतका पातळ असे, की साबणाच्या फुग्यासारखे रंग त्यावर दिसत. प्रकाशलहरींच्या व्यतिकरणाचा धडा शिकवताना मी या पंखांचे उदाहरण नेहमी देतो. मात्र तो प्रयोग घरी करू नये. नायट्रोसेल्युलोज भडकन पेट घेते.

आमचे काही मित्र म्हणतात, की आताच्या मुलाला धीर नसतो. पहिल्याच दिवशी विमान उडाले नाही, तर तो पुन्हा त्याकडे वळून पाहणार नाही. म्हणून तयार कापलेल्या भागांचा संच मागवावा, त्यातच फिल्मही येते. या म्हणण्यात तथ्य आहे, हे मी नाकारत नाही. तयार संचाने उडण्याचा आनंद लवकर मिळतो. पण संचातील फिल्म फाटली की काय? दुसरा संच येईपर्यंत विमान कपाटावर. पतंगाच्या कागदाला भोक पडले, तर मधल्या सुट्टीत ठिगळ लावता येते आणि पुढच्या तासाला विमान पुन्हा हवेत असते. नवशिक्याच्या हातून पंख दिवसातून चार वेळा फाटणार हे गृहीत धरूनच आच्छादन निवडले पाहिजे.

येथे एक गैरसमज दूर करतो. "कागद पातळ घेतला तर हवेच्या दाबाने फाटेल", असे पुष्कळांना वाटते. आपल्या सात ग्रॅमच्या विमानाच्या पंखावर दर चौरस मीटरला १७५ ग्रॅम वजनाचा भार येतो. म्हणजे दाब झाला १.७ पास्कल. वातावरणाचा दाब लाखाच्या घरात असतो, हे आठवा. पतंगाला याहून कितीतरी मोठा भार सोसावा लागतो आणि तोही हाच कागद सोसतो. हवा हा कागद फाडत नाही, बोटे फाडतात! तेव्हा मजबुती हवी ती हाताळण्यापुरती. वहीचे पान हे विमानासाठी गरजेपेक्षा फारच मजबूत आहे.

आता तोलण्याविषयी. पतंगाचा कागद म्हणून दुकानात जो ताव मिळतो, तो सर्वत्र सारखा नसतो. रंगारंगांत, गठ्ठ्यागठ्ठ्यांत फरक पडतो. मी वर २० ग्रॅम धरले ते उदाहरणापुरते. तुमचा कागद किती भरतो ते तुम्हीच पाहिले पाहिजे. शाळेतील तराजूवर एवढे बारीक वजन होत नसेल, तर सराफाकडे जा. सोन्याचा काटा ग्रॅमचा शंभरावा भाग दाखवतो आणि गर्दीची वेळ टाळून गेलात, तर बहुतेक सराफ कौतुकाने वजन करून देतात. कागदाचे १० सें. मी. बाजूचे दहा चौरस नीट कापा. दहांचे मिळून क्षेत्रफळ झाले चौरस मीटरचा दहावा भाग. आलेले वजन दसपट केले, की दर चौरस मीटरचे वजन मिळाले. एकच चौरस तोलू नका. त्यात काट्याची चूक फार मोठी दिसते.

हीच रीत फिल्मला लावली तर तिची जाडीही कळते. दर चौरस मीटरला जेवढे ग्रॅम, त्याला घनतेने भागले की मायक्रॉनमध्ये जाडी आली. जाडी मोजायला सूक्ष्ममापी लागत नाही. घनता कळावी म्हणून फिल्मचा तुकडा साबणाच्या पाण्यात बोटांनी चोळून, हवेचे बुडबुडे काढून पाण्याखाली सोडा. पॉलिथीन आणि पॉलिप्रॉपिलीन वर येतात, कारण त्यांची घनता १ पेक्षा कमी आहे. पॉलिएस्टर व खरा सेलोफेन तळाशी जातात. ज्याला आपण जिलेटिन कागद म्हणतो तो आता पुष्कळदा पॉलिप्रॉपिलीनचा असतो आणि २० ते २५ मायक्रॉन जाडीचा असेल, तर वजनाला पतंगाच्या कागदाएवढाच भरतो. शिवाय निसरडा. चकाकतो म्हणून हलका, असे समजू नका.

कागद लावण्याची खुबी मात्र सांगायला हवी. बहुतेकांचे पंख बिघडतात ते येथेच.

यंत्रावर तयार झालेल्या कागदात तंतू मुख्यतः एकाच दिशेने पसरलेले असतात. एक चौरस तुकडा घेऊन त्याची एकच बाजू ओली करा. तो आपोआप वळून नळीसारखा होईल. नळीच्या लांबीची दिशा तीच तंतूंची दिशा. फाडूनही कळते. तंतूंच्या दिशेने कागद सरळ फाटतो, आडवा फाडला तर वेडावाकडा जातो. ओलाव्याने तंतू लांबीत फारसे वाढत नाहीत, जाडीत फुगतात. म्हणून कागद तंतूंच्या आडव्या दिशेने जास्त पसरतो आणि वाळला की त्याच दिशेने जास्त आकसतो. पंखावर लावताना तंतू पंखाच्या लांबीला समांतर ठेवावेत. उलटे लावले तर वाळताना कागद पंखाची दोन्ही टोके ओढू लागतो आणि कामट्या धनुष्यासारख्या वाकतात.

दुसरी खुबी अशी. पतंग करणारे कागद चिकटवून नंतर ताणतात, मैदानावरच्या विमानांच्या पंखांवरही चिकटवल्यानंतर पाणी फवारतात. खोलीतल्या विमानाचा सांगाडा हा ताण सोसू शकत नाही. म्हणून कागद आधीच आकसून घ्यावा. जुन्या तसबिरीच्या रिकाम्या चौकटीवर तो चारी बाजूंनी चिकटवा, ओल्या कापसाने हलकेच दमट करा आणि सावलीत वाळू द्या. असे दोनदा केले, की त्यातला हट्ट बराचसा जातो. मग त्यातून पंखाच्या मापाचा तुकडा कापून, सैलसर ठेवून चिकटवा. पतंगाच्या कागदाचा रंग पाण्याने सुटतो, बोटे लाल-निळी होतात. गणवेशावर पडू देऊ नका. चिकटवण्यासाठी मैद्याची पातळ खळ किंवा पाणी घातलेला फेविकॉल पुरे. तो कामटीला लावायचा, कागदाला नव्हे. थोड्या सुरकुत्या राहिल्या तर राहू द्या. एवढ्या कमी वेगाला त्यांनी फारसे बिघडत नाही. खालच्या बाजूनेही कागद लावून पंख "पुरा" करण्याचा मोह टाळावा. या वेगाला आणि एवढ्या आकाराला पातळ, बाक दिलेला पंख हा जाड पंखापेक्षा चांगलेच काम करतो. तेव्हा एकेरी कागदात काटकसरीबरोबर फायदाही आहे.

आपल्या हवेचा विचार केल्याशिवाय हा विषय पुरा होत नाही. मार्च ते मे या काळात येथील हवा इतकी कोरडी असते, की कागद ढोलकीसारखा ताठतो. जुलै-ऑगस्टात तोच कागद लोंबतो. फेब्रुवारीत उत्तम उडालेले विमान पावसाळ्यात काढले, तर पंख पिळवटलेला आढळतो आणि मग मुले रबराला दोष देतात. उडवण्यापूर्वी विमान डोळ्यांसमोर धरून दोन्ही पंख सारखे आहेत की नाही हे रोज पाहावे. फिल्मवर ओलाव्याचा परिणाम होत नाही; हा तिचा खरा गुण आहे आणि वजनापेक्षा या गुणासाठी मी तिला मान देतो. परंतु पॉलिथीनला फेविकॉल किंवा खळ चिकटत नाही. त्याचा पृष्ठभाग पाण्याला धरतच नाही. तेथे सायकलच्या पंक्चरचे सोल्यूशन कामटीवर बोटाने अगदी पुसट लावावे लागते, आणि ते काम उघड्या हवेत, विस्तवापासून दूर, मोठ्यांच्या देखत करावे. त्यातच अंगावरच्या स्थिर विद्युतभारामुळे फिल्म बोटांना, टेबलाला आणि स्वतःलाच चिकटते. पहिल्या विमानाला एवढी परीक्षा कशाला?

फिल्म आणायची तरी कोठून, हाही प्रश्न आहे. पूर्वी भाजीवाल्याकडची सळसळणारी पातळ पिशवी मुले पंखाला लावत आणि ती छान चाले. महाराष्ट्रात २०१८ मध्ये प्लॅस्टिकच्या पिशव्यांवर बंदी आली. केंद्राच्या नियमानुसारही पिशवीची किमान जाडी ३० सप्टेंबर २०२१ पासून ७५ मायक्रॉन आणि ३१ डिसेंबर २०२२ पासून १२० मायक्रॉन झाली. १२० मायक्रॉनचे पॉलिथीन दर चौरस मीटरला ११० ग्रॅमहून अधिक भरते. म्हणजे वहीचे जवळजवळ दोन कागद एकावर एक! ते पंखाला लावण्यात अर्थ नाही. एका शिक्षकांनी मला विचारले, की प्रयोगासाठी पातळ पिशव्या कोठून तरी मिळवाव्यात काय? माझे उत्तर स्पष्ट "नाही" असे आहे. नियम मोडून विज्ञान शिकवू नये आणि त्याची गरजही नाही. इस्त्री करून आलेल्या कपड्यांवरचे पातळ आवरण कधी घरात येते, ते फेकण्याऐवजी तोलून पाहा. तेवढे प्लॅस्टिक पुरे. स्वयंपाकघरात डब्यांवर ताणून लावतात ती फिल्म साधारण १० मायक्रॉनची असते खरी, पण ती नको इतकी ताणते आणि पंखाचा आकार बिघडवते.

आता प्रदर्शनांविषयी दोन शब्द. ते काहींना लागतील, तरी लिहितो. विज्ञान प्रदर्शनांत परीक्षक म्हणून बसण्याचा योग मला अनेकदा आला आहे. रबरी विमाने टेबलावर मांडलेली असतात. त्यांतील बहुतेकांना ऑइल पेंटचा सुरेख हात दिलेला असतो, पंखांवर चक्रे आणि क्रमांक रंगवलेले असतात. ती उडत नाहीत. उडवून दाखवा म्हटले, तर शिक्षकांचा चेहरा पडतो. वाळलेल्या रंगाचा थर २५ मायक्रॉनचा जरी धरला, तरी त्याचे वजन दर चौरस मीटरला ३० ग्रॅमच्या वर जाते. म्हणजे कागदापेक्षा रंगच जड झाला! एका प्रदर्शनात सुरकुतलेल्या पिवळ्या कागदाचे एक विमान सभागृहात पाच फेऱ्या मारून अलगद उतरले. त्याला बक्षीस मिळाले नाही, कारण गुणपत्रिकेत "सुबकता" या सदराला गुण होते आणि "उड्डाण" असे सदरच नव्हते. ज्या मुलाने ग्रॅमाग्रॅमाचा हिशेब केला तो हरला, आणि ज्याने रंगाचा डबा घेतला तो जिंकला. दुसऱ्या वर्षी तो पहिला मुलगाही रंगाचा डबा घेईल, यात नवल ते काय? शिक्षक मित्रांना माझी विनंती आहे, की अशा विमानांना गुण देताना आधी काटा आणि मग सेकंदकाटा हाती घ्यावा. रंगीत विमान हवेच असेल, तर रंगीत कागद पतंगाच्या दुकानात आहेच.

पतंगाच्या सामानाला कमी लेखण्याचे कारण नाही, हे इतिहासही सांगतो. आल्फोन्स पेनो या फ्रेंच तरुणाने १८ ऑगस्ट १८७१ रोजी पॅरिसमधील त्विलरी बागेत पिळलेल्या रबरावर चालणारे १६ ग्रॅमचे विमान उडवून दाखवले. ते ११ सेकंदांत सुमारे ४० मीटर गेले. त्याच्याच रचनेवर आधारलेले, बूच, बांबू आणि कागदाचे एक उडते खेळणे १८७८ साली राइट बंधूंना त्यांच्या वडिलांनी आणून दिले. ती मुले मोठी झाली आणि १९०३ मध्ये त्यांनी माणूस वाहून नेणारे विमान उडवले, त्याच्या पंखांवर साधे मलमल होते. शिवणकामाच्या दुकानात मिळणारे! त्यांनी वस्तूची किंमत पाहिली नाही, काम पाहिले.

फिल्मची पाळी आली तीही अशाच हिशेबाने. पॉल मॅक्रेडी या अमेरिकन अभियंत्याला लहानपणापासून मॉडेल विमानांचा नाद होता. माणसाने पायडल मारून उडवण्याचे विमान त्याने बनवले. त्याच्या 'गॉसमर काँडॉर'चा पंख सुमारे २९ मीटर लांब होता आणि विमानाचे वजन सुमारे ३२ किलोग्रॅम. पंखावर पातळ पॉलिएस्टर फिल्म होती. माणसाच्या पायांतील शक्ती थोडी, म्हणून वजन थोडे, म्हणून फिल्म. २३ ऑगस्ट १९७७ रोजी त्याने इंग्रजी आठाच्या आकाराचा ठरलेला मार्ग पुरा केला आणि क्रेमर पारितोषिक मिळवले. आपल्याकडे मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेचे हैदराबादचे केंद्र पातळ पॉलिथीनचे प्रचंड फुगे बनवून सोडत आले आहे. जानेवारी २००१ मध्ये जयंत नारळीकर व त्यांच्या सहकाऱ्यांनी ४१ किलोमीटर उंचीपर्यंतच्या हवेचे नमुने आणले, ते अशाच फुग्याने. तेथे कागद चालणार नाही. प्रत्येकाने आपापल्या कामाचा हिशेब मांडला आणि त्यातून पदार्थ ठरला.

तुमच्याही बाबतीत अशी वेळ येईल. कामट्या तासून तासून बारीक होतील, डिंक थेंबांत मोजू लागाल आणि सांगाडा, पंखा व रबर मिळून तीन ग्रॅमच्या आत येतील. तेव्हा एक ग्रॅमचा कागद खुपू लागेल. त्या दिवशी फिल्म जरूर आणा. एका विमानाच्या दोन जोड पंखांपैकी एका जोडाला कागद आणि दुसऱ्याला फिल्म लावा, दोन्हींचे वजन लिहा, फरशीवर खडूने वर्तुळे आखून घेर मोजा आणि दहा-दहा उड्डाणांची सरासरी काढा. पंखे बंद ठेवा, आणि खोलीवर टिनपत्रे असतील तर दुपारी उडवू नका. तापलेल्या छतामुळे खोलीत हवेचे प्रवाह सुटतात आणि मापे चुकतात. सकाळी सातची वेळ चांगली.

कागदाचा ताव मात्र संक्रांतीच्या आधीच घेऊन ठेवा. नंतर वर्षभर दुकानदार पतंगाचा गठ्ठा माळ्यावर टाकून देतो आणि काढून द्यायला कंटाळतो. घरी आणल्यावर ताव घडी करून ठेवू नये, घडीवर तो फाटतो. जुन्या कॅलेंडरच्या पुठ्ठ्याच्या नळीवर गुंडाळून, उंदीर-झुरळांपासून जपून ठेवावा.